दुसरा माइक

"एक माइक की दोन?" बुधवार पेठेतल्या दुकानदाराने तिसऱ्यांदा विचारलं.

अनिरुद्ध गोंधळला. खराडीच्या कंपनीत दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारा माणूस, पण या डब्यांपुढे त्याचं काही चालेना. माइकचा आवाज यूएसबीच्या वायरीतून कॉम्प्युटरमध्ये सोडायचा, एवढंच त्यांचं काम. तरी काउंटरवर पाच प्रकार मांडलेले.

"गाणारी माणसं किती, तेवढं सांगा. पत्रिका नको."

"एकच. आई."

"मग हा एकाचा न्या. दुसरं भोक रिकामं ठेवायची हौस असेल, तर दोनाचाही आहे."

त्याने एकाचा डबा आणि एक माइक घेतला. सोमवारी आईच्या, कांताबाईंच्या गळ्याचं ऑपरेशन होतं. आवाज पहिल्यासारखा राहीलच असं नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आणि वडिलांची, भीमरावांची गाणी आता त्या एकाच गळ्यात उरली होती. येरवड्यात दर चौदा एप्रिलच्या जयंतीला भीमराव स्वतः रचलेली गाणी गायचे, खरखरीत, वर चढला की फाटणाऱ्या आवाजात. कागदावर कधी अक्षर उतरवलं नाही. ते जाऊन चार वर्षं झाली. त्यांच्या हयातीत अनिरुद्धने साधा टेपरेकॉर्डर समोर धरला नाही. गायनपार्टीवाल्याचा मुलगा म्हणवून घ्यायची लाज वाटायची. आता त्या लाजेचीच लाज वाटत होती.

शनिवारी सकाळी त्याने पंखा बंद केला, खिडक्या लावल्या आणि माइक आईपुढे ठेवला. कांताबाईंनी पदर सावरला, डोळे मिटले, मांडीवर ताल धरला. दोन ओळी गायल्या आणि गप्प झाल्या. हात मात्र चालूच. बऱ्याच वेळाने पुन्हा त्याच दोन ओळी.

"आई, मधली कडवी?"

"ती त्यांची. मी मागं उभी राहून झील धरायची, धृपदापुरती. कडवी मला कुठली येतात?"

ज्या गळ्यासाठी एवढी धावपळ केली, त्या गळ्यात गाणी नव्हतीच.

"आणि एकच माइक आणलास," कांताबाई म्हणाल्या. "त्यांनी कुठं उभं राहायचं?"

परवा ऑपरेशन. आईचं मन कोण मोडणार? दुपारी चारला दुकान उघडलं, तेव्हा तो दारातच उभा होता.

"माणूस वाढलं का?"

"हो. वडील."

"मग पहिल्यांदाच सांगायचं की," दुकानदार म्हणाला आणि त्याने दोनाचा डबा आणि आणखी एक माइक काढून दिला. अनिरुद्धने पैसे मोजले.

संध्याकाळी कांताबाईंनीच जागा दाखवली. दुसरा माइक त्यांच्या पुढे दोन पावलं, मोकळ्या फरशीवर. कॉम्प्युटरवर दोन रेघा सरकू लागल्या. कांताबाई गायल्या, त्यांची रेघ उसळली. मग त्या थांबल्या, बरोबर एका कडव्याएवढ्या. दुसरी रेघ सपाट. पुन्हा झील, पुन्हा थांबणं.

तिसऱ्यांदा मात्र ती शांतता त्याला सोसेना. तो उठून दुसऱ्या माइकपुढे उभा राहिला. त्याला काहीच येत नव्हतं. लहानपणी स्टेजवर आईच्या पायाशी पेंगत जे कानावर पडलं असेल, तेवढंच. त्याने तोंड उघडलं आणि कडवं आलं. पहिली ओळ, दुसरी, मग अख्खं. पुढचंही आलं. आवाज खरखरीत, वरच्या पट्टीत फाटणारा. त्याचा आवाज असा कधीच नव्हता.

कांताबाईंनी डोळे उघडले नाहीत. प्रत्येक झील वेळेवर उचलली. गाणं संपलं तेव्हा पदराने तोंड पुसत हळूच म्हणाल्या, "अहो, किती उशीर केलात."