साहेबांची शिकवणी

“चुकलात. पुन्हा बाहेर या,” बाई म्हणाल्या.

साहेब त्या फोल्डरातून बाहेर आले. मग कुठे शिरायचं ते विसरले, भलतंच नाव टाइप केलं, आणि असं काही इथे नाही म्हणून संगणकाने त्यांना मोठ्या आवाजात सुनावलं. बाईंना मनातल्या मनात गुदगुल्या झाल्या.

बाई जन्मापासून आंधळ्या होत्या आणि रेडिओ केंद्राचं ध्वनिभांडार एकहाती सांभाळत होत्या. जुनी गाणी, भाषणं, मुलाखती, सगळं त्यांच्या संगणकात फोल्डरांच्या पोटात फोल्डर असं रचलेलं होतं. त्यांच्या टेबलावर माऊस नव्हता. सीडी ही दोन अक्षरांची आज्ञा टाइप करून पुढे फोल्डराचं नाव दिलं की त्या आत शिरायच्या, एलएस ही आज्ञा दिली की आत काय काय आहे ते संगणक बोलून दाखवायचा. कुणी एखादी मुलाखत मागायला आला तर तो खुर्ची ओढून बसेपर्यंत ती वाजायला लागलेली असे. डोळस लोकांबद्दल बाईंचं मत फारसं चांगलं नव्हतं. चित्रावर बोट ठेवल्याशिवाय यांना दार सापडत नाही, असं त्या म्हणत.

नवे साहेब तर पहिल्याच दिवशी त्यांच्या डोक्यात गेले होते. आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं की भांडार आधुनिक करायचं, सगळं चित्रांच्या पडद्यावर आणायचं, बोट लावा आणि ऐका. त्या पडद्यावर बाईंना काहीच करता आलं नसतं. त्यांना चौकशीच्या टेबलावर फोन उचलायला बसवायचं घाटत होतं. बाईंनी भर बैठकीत साहेबांची सालटी काढली. पुढे ती योजना बासनात गेली. साहेब आपल्याला टरकले, असं बाईंनी केंद्रभर सांगितलं.

केंद्रात साहेबांबद्दल कुणीच बरं बोलत नव्हतं. जिन्यात समोरासमोर आले तरी ओळख दाखवत नाहीत. टपाल स्वतः वाचत नाहीत, शिपायाकडून वाचून घेतात आणि तो बोट ठेवेल तिथे सही ठोकतात. माज आहे, दुसरं काय, असं निवेदिका म्हणायची आणि बाई जोरात दुजोरा द्यायच्या.

आणि आता हेच साहेब रोज दुपारी दार लावून बाईंच्या शेजारी बसत होते. मला तुमची पद्धत शिकवा, म्हणाले होते. बाईंनी काय ते ओळखलं. हे शिकून घेणार, मग आपल्या मर्जीतल्या कुणाला तरी शिकवणार आणि आपली रवानगी फोनवर करणार. पण साहेबांना नाही म्हणायची सोय नव्हती. म्हणून बाईंनी संगणकाचा आवाज इतका वेगात ठेवला की कसलेल्यालाही घाम फुटावा. साहेब वाट चुकले की, आपण कुठे आहोत ते तरी कळतंय का, असं त्या गोड आवाजात विचारायच्या. साहेब निमूट ऐकून घ्यायचे. निमूट ऐकणाऱ्याला बोलण्यात काही मजा नसते, त्यामुळे बाई आणखीच चिडायच्या.

त्या दुपारी एका गायकाची जुनी मुलाखत शोधायची होती. साहेब चाचपडत नेमक्या फोल्डरापर्यंत पोचले. यादी मागितली, नावं भराभर वाजून गेली आणि हवं ते निसटलं. त्यांनी पुन्हा मागितली. पुन्हा निसटलं. आणखी एकदा मागितली तेव्हा बाईंचा तोल सुटला.

“अहो, तुमच्या शिकवणीसाठी माझ्या संगणकाला खास पडदा जोडलाय ना? सगळं लिहिलेलं असतं त्यावर. डोळे आहेत तर वाचा की.”

कीबोर्डावरचा आवाज थांबला.

“वाचता येत नाही, बाई,” साहेब म्हणाले. “अक्षरं गेली. माणसांचे चेहरेही गेले. कडेकडेचं थोडं दिसतं, त्यावर जिने चढतो. डॉक्टर म्हणतात, तेही फार दिवस टिकणार नाही.”

कधीपासून सांगायचं राहून गेल्यासारखं साहेब पुढे सांगत सुटले. बायकोला माहीत होतं. आईला सांगितलं नव्हतं. केंद्रात कळलं तर उद्या त्यांनाच चौकशीच्या टेबलावर बसवतील. त्या चित्रांच्या पडद्याचा नमुना आला तेव्हा ते तो मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बोटं फिरवत बसले होते, आणि त्यांना त्यातलं एकही चित्र सापडलं नव्हतं. त्याच संध्याकाळी त्यांनी ती योजना बंद केली.

कीव करणाऱ्यांचा बाईंना आयुष्यभर तिटकारा होता. आता आपल्यालाच साहेबांची कीव येतेय हे लक्षात आलं आणि त्या स्वतःवरच उखडल्या. तेवढ्यात त्यांना जाणवलं की साहेबांचा आवाज सरळ येत नाहीये, तिरपा येतोय. म्हणजे मान वाकडी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून कीबोर्ड बघणं अजून चालूच होतं.

“ती मान आधी सरळ करा,” त्या खेकसल्या, “आणि डोळे मिटा. चोरून बघणाऱ्याला मी शिकवत नाही.”