बोलावलं तरी जाऊ नये

सुलेखाने छापून आलेल्या कागदांचा गठ्ठा संजीवच्या टेबलावर आपटला. त्याच्या कपातली कॉफी हिंदकळली.

“हे मी वाटणार नाही,” ती म्हणाली.

अमेरिकेत, पार्सिपनी गावातल्या त्या दोन खोल्यांच्या ट्रॅव्हल एजन्सीत ती दीड वर्षापासून काम करत होती. संजीव तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण मालक तो. भारतात निघालेल्या कुटुंबांना वाटेत चार दिवस ओमानमधलं मस्कत दाखवायचं, ही टूर त्याला सुचली ती सुलेखामुळेच. तिचा संसार बारा वर्षं मस्कतला झाला होता. नवरा तिथेच वारला. पुढे अमेरिकेतल्या भावाने केव्हातरी भरलेल्या ग्रीन कार्डच्या अर्जाचा नंबर लागला आणि ती अमेरिकेत आली. आता २००६चा ऑगस्ट होता. बावीस माणसं शनिवारी निघणार होती आणि आज चार वाजता लायब्ररीच्या हॉलमध्ये त्यांची मीटिंग होती.

त्यांच्यासाठी सूचनांचं पान सुलेखाने स्वतः लिहिलं होतं. दुपारी बारा ते चार उन्हात फिरू नका. तहान लागायची वाट न बघता पाणी पीत राहा. खांदे आणि गुडघे झाकलेले असू द्या. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. कॉफी पुरे झाली की रिकामा कप हलवून परत द्या, नाहीतर ते ओततच राहतील. आणि सगळ्यात शेवटी, ठळक अक्षरांत: वाटेत अडकलात, चक्कर आली, तर दिसेल ते दार वाजवा. पाण्याला कोणी नाही म्हणणार नाही.

छापून आलेल्या पानावर ती शेवटची ओळ नव्हती. तिच्या जागी संजीवने दुसरी घातली होती: स्थानिक लोकांच्या घरी जाऊ नये, बोलावलं तरी जाऊ नये.

संजीवने आधी तिची समजूत घातली. टीव्हीवर महिनाभर लेबनॉनवर बॉम्ब पडताना दिसतायत, लोक घाबरलेत, लेबनॉन कुठे आणि ओमान कुठे हे कोणी बघत नाही. दोन कुटुंबांनी टूर कॅन्सल केली होती. उद्या कोणी कोणाच्या घरात शिरलं आणि काही झालं, तर लोक कोर्टात त्यालाच खेचणार होते. सुलेखा जागची हलली नाही. मग त्याचाही आवाज चढला. तिला वाटायचं नसेल तर तो स्वतः वाटेल, असं त्याने सुनावलं.

“सावध राहिल्याने कोणाचं वाईट झालंय का, ताई?” तो म्हणाला.

दहा वर्षांत जे सुलेखाने सख्ख्या भावालाही नीट सांगितलं नव्हतं, ते तिने उभ्या उभ्या सांगितलं.

तिचा नवरा दिगंबर रस्त्यांच्या कामावर इंजिनिअर होता. जुलैतल्या एका शुक्रवारी साइट बघून एकटाच परत येत होता. निझवा गावाच्या अलीकडे गाडी तापून बंद पडली. जवळ होतं नव्हतं ते पाणी त्याने रेडिएटरमध्ये ओतलं, तरी गाडी हलली नाही. रस्त्यालगतच एक घर होतं. त्यातून एक म्हातारा बाहेर आला, आत या, सावलीत बसा म्हणू लागला. दिगंबरने छातीवर हात ठेवून मान हलवली. म्हाताऱ्याने तीनदा बोलावलं. तिन्ही वेळा नाही म्हणून तो पेट्रोल पंपाच्या दिशेने चालू लागला. म्हाताऱ्याला काही चैन पडेना. अर्ध्या तासाने पाणी घेऊन तो पिकअपमधून मागोमाग गेला, तेव्हा दिगंबर रस्त्याच्या कडेला पालथा पडला होता.

“तो म्हातारा नंतर माझ्या घरी आला होता,” सुलेखा म्हणाली. “दारात उभा राहून रडला. मोडक्यातोडक्या हिंदीत मलाच विचारत होता, माझं काय चुकलं, की तो आत आला नाही?”

संजीवने कागदांचा गठ्ठा उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकला. कॉम्प्युटरवर ते पान उघडलं, आपली ओळ पुसली आणि सुलेखाची ओळ होती तशी परत घातली. प्रिंटर सुरू झाला. एकेक पान बाहेर पडायला लागलं. सुलेखा ती गोळा करू लागली.

आता संजीवचाच संताप झाला होता. कोणाच्या घरी जायचं नाही, असं दिगंबरला त्याच्या कंपनीनेच बजावलं असणार, अशा कंपन्या माणसांना नुसतं घाबरवून ठेवतात, तो म्हणाला. असला सल्ला देणाऱ्याला तिने तेव्हाच कोर्टात उभं करायला हवं होतं, सोडायला नको होतं.

“कंपनीने काही सांगितलं नव्हतं,” सुलेखा पानं जुळवत म्हणाली. “मी सांगायचे. रोज, डबा हातात देताना.”