पहिलीच काठी

"ही नको," काकू म्हणाल्या. "हिचं बूड जड आहे."

पेंटरांनी मासे धरायची तिसरी काठी खाली ठेवली. काठी होती त्यांच्या हातात, आणि काकू बसल्या होत्या दुकानाच्या मागच्या दारात, स्टुलावर, विणकाम मांडीवर घेऊन. तिथून त्यांना बुडाचं वजन कसं कळलं, हे पेंटरांनी विचारलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात अशा गोष्टी विचारणं त्यांनी सोडून दिलं होतं.

खरं तर त्यांना पहिलीच काठी आवडली होती. चार तुकड्यांची, काळ्या रिळाची, दुकानातली सगळ्यात स्वस्त. शिकाऊ माणसाला तेवढी पुष्कळ, असं दुकानदारही म्हणाला होता. रीळ म्हणजे शेवटी दोरी गुंडाळून ठेवायची डबी, तिच्यावर पैसे उधळू नका, दोरी मात्र चांगली घ्या. पण काकूंनी नाक मुरडलं. आणखी दाखव म्हणाल्या. चपला घेतानाही त्या अख्खं दुकान खाली काढायला लावत.

हे सगळं व्याह्यांमुळे झालं होतं. लेकीच्या सासऱ्यांना ओढ्यावर मासे धरायचा नाद. रविवारी या, म्हणाले. मागून आणलेली काठी घेऊन व्याह्यांशेजारी उभं राहणं पेंटरांना पटेना. काठी विकत घ्यायचं काकूंनीच सुचवलं. पेंटरही लगेच तयार झाले, कारण हा बसून करायचा उद्योग, एका हातानं काठी धरायची आणि पाण्याकडे बघत राहायचं, अशी त्यांची समजूत होती. ते त्यांना सोयीचं होतं.

सात महिने त्यांचा उजवा हात खिशातच असे. जन्मभर शिडीवर चढून त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. या दुकानावरचा निळा मासाही त्यांचाच. मग एकदा शिडी सरकली. हाड जुळलं, पण हात वर जाईना. रोज तीस वेळा हात उचलून कानाकडे न्या, नाहीतर खांदा जन्माचा आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. काकूंनी व्यायामाचा तक्ता कपाटावर चिकटवला. त्यावरची अक्षरं किती बेढब आहेत हे पेंटरांनी सांगितलं आणि तक्ता उलटा करून लावला. दुखतं, असं ते कधी म्हणाले नाहीत. केस डाव्या हातानं विंचरू लागले. ब्रश सुकून लाकूड झाले. गेल्या महिन्यात त्यांनी शिडीही शेजाऱ्याला देऊन टाकली. त्या दिवशी काकू जेवल्या नव्हत्या.

पण ओढ्यावरची ही काठी नुसती धरून बसायची नव्हती, निराळीच निघाली. हिच्या गळाला पिसांची खोटी माशी बांधतात. तिला वजन नसतं, म्हणून दोरीच हवेत मागे फेकायची, ती सरळ होईपर्यंत थांबायचं आणि मग पुढे सोडायची. दुकानदारानं त्यांना मागच्या गल्लीत नेलं. गळाच्या जागी काकूंच्या गुंड्यातला लाल लोकरीचा तुकडा बांधला आणि वीस पावलांवर सायकलचा जुना टायर ठेवला.

पेंटरांनी कोपर कुशीला चिकटवून नुसतं मनगट हलवलं. दोरी त्यांच्याच टोपीवर येऊन पडली.

"हात कानापर्यंत न्या काका," दुकानदार म्हणाला.

त्यांनी दात आवळून हात छातीपर्यंत नेला. पुढच्या काठीला खांद्यापर्यंत. काकूंना एकही काठी पसंत पडेना. दुसरीचा रंग भडक होता. चौथीचं रीळ मिक्सरसारखं ओरडत होतं. पाचवीची किंमत ऐकून त्यांनी नुसत्या भुवया उंचावल्या. एरवी हा दुकानदार तिसऱ्या वस्तूलाच जांभई द्यायचा. आज मात्र तो हसतमुखानं एकेक काठी जोडून देत होता.

"किती टाके झाले, काकू?" त्यानं मधेच विचारलं.

"बावीस. बोलू नकोस, चुकेन मी."

सहाव्या काठीला पेंटर खांदा विसरले. टायरवर नजर लावली. पाटीची लांब रेघ एका दमात ओढताना धरायचे तसा श्वास धरला. हात कानामागे गेला, थांबला, पुढे आला. दोरी हवेत उलगडत गेली आणि लाल ठिपका टायरच्या बरोबर मधोमध टेकला. पेंटर मोठ्यानं हसले. असं हसणं काकूंनी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. मग कुणी न सांगताच त्यांनी पुन्हा फेकली. पुन्हा. आणखी एकदा, डोळे मिटून, नुसती फुशारकी म्हणून.

"पहिलीच बरी होती," काकू म्हणाल्या आणि उठल्या.

"मग दुपारभर माझी वरात कशाला काढलीस?"

काकू लोकरीचा गुंडा गुंडाळू लागल्या. पेंटर पुटपुटत आत आले आणि पाकीट काढायला खिशात हात घातला. दुकानदारानं गल्ल्याखालून एक पुडकं काढून त्यांच्यासमोर ठेवलं. चार तुकडे, काळं रीळ, चांगली दोरी, सगळं व्यवस्थित बांधलेलं.

"पैसे कालच मिळालेत काका," तो म्हणाला. "काकू येऊन देऊन गेल्या. मी सांगेपर्यंत बाहेर काढायचं नाही, एवढंच म्हणाल्या."

पेंटरांनी वळून पाहिलं. काकू विणकाम पिशवीत भरत होत्या. सकाळी दोन ओळी होत्या, अजूनही दोनच होत्या. एक टाकाही वाढला नव्हता.

"एकेचाळीस झाले," काकू म्हणाल्या. "डॉक्टर तीसच म्हणाले होते."