एका शिफ्टची परीक्षा

केसरीनाथ सरांनी चष्मा पुसला, समोर बसलेल्या काशीकडं पाहिलं आणि आवाजात जमेल तेवढी जरब आणून विचारलं, "नाव?"

"काशी," ती म्हणाली. "तुमचं?"

सर गडबडले. तीस वर्षं हस्तकला शिकवून खारबावचे केसरीनाथ सर निवृत्त झाले होते, पण समोर परीक्षेला बसलेल्या मुलीनं उलट त्यांचंच नाव विचारावं असं कधी घडलं नव्हतं.

"केसरीनाथ," त्यांनी मुकाट्यानं सांगितलं.

नारपोलीतल्या मजीदशेठच्या लूमच्या कारखान्यावरची ही खोली. काही आईबापांनी मिळून ती नुकतीच रंगवून घेतली होती. सगळ्यांचं दुखणं एकच. कल्याणच्या विशेष मुलांच्या शाळेनं मुलांना सोळाव्या वर्षापर्यंत मायेनं सांभाळलं, पण पुढचा वर्गच तिथं नव्हता. आयटीआयला दहावीची अट. शिवणक्लासच्या बाईंनी तर काशीला "मशीन बिघडवील ही" म्हणून दुसऱ्याच दिवशी घरी धाडलं. तेव्हापासून ती ओटीवर तांदूळ निवडत बसे, आणि तिला बघून तिच्या आईला, कमळला, जेवण गोड लागत नसे. वर्ग निघाला नाही तर पोरीचा जन्म त्या सुपापुढंच जाणार होता.

वर्ग काढायचं सगळ्यांनी ठरवलं, पण घोडं अजून पेंड खात होतं. शेवटी मजीदशेठनी सरांना निरोप पाठवला: शुक्रवारी या, कारखान्याला सुट्टी असते, काशी असेल, आधी ट्रायल. निवृत्तीनंतर घरात बसून बायकोच्या कामात चुका काढण्यापलीकडं सरांना उद्योग उरला नव्हता. ते पहिल्या एस.टी.नं आले.

"आमच्याकडं नवा माणूस आला की आधी एक शिफ्ट चालवून बघतो," मजीदशेठ म्हणाले. त्यांची मुलगी हबीबाही याच वर्गाची वाट बघत घरी बसली होती. "हात चांगला असला तर ठेवायचा. नाहीतर खुदा हाफिज."

"योग्य पद्धत आहे," सर म्हणाले. "भिडेखातर कुणाला घ्यायचं नाही."

"याच्या आधी दोघं येऊन गेलं," कमळ म्हणाली. "एक नुसता वरडत व्हता. दुसऱ्याला तर बसल्या जागी झोप लागली."

"अशांचा काही उपयोग नाही."

"आमी पन तेच बोललो." कमळ लेकीकडं वळली. "काशे, नीट बघ हां."

सरांनी रंगीत सुताच्या कांड्या टेबलावर ओतल्या आणि रंगाप्रमाणं लावायला सांगितल्या.

"कशाला?" काशीनं विचारलं.

एरवी सर 'सांगितलं तेवढं कर' म्हणाले असते. पण खोलीतल्या इतर माणसांपुढं तसं बोलणं बरं दिसेना, आणि खरं सांगायचं तर कशाला ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"चल, दोघं मिळून लावू," ते म्हणाले.

काशीनं लाल आणि केशरी एकत्र केल्या. "ह्या आईच्या लुगड्याच्या," तिनं सांगितलं. सरांनी कमळच्या लुगड्याकडं पाहिलं आणि मान डोलावली.

मग कागदी पिशवी. सरांनी घड्या घालून दाखवल्या. काशीनं कोपरानं हळूच पाण्याचा पेला कलंडवला. पिशवीचा लगदा झाला. काशी मात्र पिशवीकडं बघतच नव्हती. ती सरांच्या तोंडाकडं टक लावून बघत होती.

सरांनी खिशातला रुमाल काढून टेबल पुसलं. "बरं झालं. माझी घडी वाकडीच आली होती. आता तू घाल."

काशी खुदकन हसली. तिची पिशवी व्हायला बराच वेळ लागला. सरांचा हात मदतीला दोनदा पुढं आला आणि दोनदा त्यांनी तो मागं घेतला. पिशवी झाली तेव्हा तिला बूड होतं, तोंड होतं आणि ती टेबलावर उभी राहत होती.

"आज सुट्टी म्हणून ठीक आहे," सर मजीदशेठना म्हणाले. "उद्या खाली लूम चालू झाले की इथं शब्द ऐकू येणार नाही. मग शिकवणं कसं व्हायचं?"

उत्तर काशीनंच दिलं. "हातानं बोलायचं. खाली समदी तसंच बोलतात."

तिचा बाप अनंता खाली लूमवर कामाला होता. त्याचा डबा पोचवता पोचवता ती कारखान्यातल्या सगळ्या खुणा शिकली होती. धागा तुटला, कांडी संपली, चहा आला, शेठ आला. तिनं एकेक करून दाखवली आणि सरांकडून करून घेतली. 'चहा' सरांना पहिल्याच झटक्यात जमला. 'शेठ आला' त्यांना पुन्हा करावी लागली, तेव्हा मजीदशेठच पोट धरून हसले.

जेवणाची वेळ झाली. सरांच्या जुन्या हिशेबानं काशी नापास होती: कांड्या चुकल्या, पाणी सांडलं, पिशवीला उशीर. पण सरांना इतकी मजा कित्येक महिन्यांत आली नव्हती, आणि या पोरीला परत ओटीवर पाठवायची कल्पनाच त्यांना सहन होईना. ते उठून उभे राहिले.

"माझा निर्णय झाला," ते म्हणाले. "काशीला मी घेतली!"

"म्हंजी तुमाला पटली ना ती?" कमळचा चेहरा खुलला. "लय बरं झालं. मला त्याचीच काळजी व्हती."

"शुक्रिया, सर," मजीदशेठ म्हणाले. "चला, तुमच्याकडून तर हां झाली." आणि त्यांनी खुर्ची काशीकडं वळवली. "आता तू बोल, बेटा. तुम्ही पोरांनी निवडायचं असं ठरलंय ना आपलं? सरांना ठेवायचं का?"

काशीनं केसरीनाथ सरांना पायापासून डोक्यापर्यंत सावकाश न्याहाळलं.

"चालतील," ती म्हणाली. मग सरांकडं वळून, "उद्यापासून या."