कॅमेरा सुरू ठेवा

"तुझी मान वर्गातच कापतो!" असा आवाज आला आणि संयोगिताच्या पडद्यावर, धड्याच्या जागी, बोकडाचं रक्ताळलेलं मुंडकं दिसू लागलं.

ऑनलाइन तासाला पुन्हा कुणीतरी आगंतुक घुसला होता. मुली किंचाळल्या. शिव्या थांबेनात. संयोगितानं तास बंद केला.

आठवडाभर हेच चाललं होतं. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात ती समाजशास्त्र शिकवायची. घर आणि नोकरी सांभाळून शिकणाऱ्या बायकामुलींसाठी हे तास होते. ते बंद पडले, तर कितीजणींचं शिक्षण तिथंच संपणार होतं.

कॉलेजचा तांत्रिक सहायक उन्मेष खुर्ची ओढून शेजारी बसला. नुकताच लागलेला, अबोल, पण कामाला वाघ.

"लिंक फुटलीय, मॅडम. आता सगळ्यांना बाहेर थांबवायचं. चेहरा दाखवायचा, नाव आणि राहता पत्ता सांगायचा. मगच आत."

"पत्ता कशाला?"

"पोलिसांत जायची पाळी आली तर? मी उतरून घेतो. तुम्ही फक्त विचारा."

दुसऱ्या दिवशी तासाआधी तिनं एकेकीला स्वतंत्रपणे आत घेतलं. उन्मेष कॅमेऱ्याबाहेर बसून मुकाट टाइप करत होता. मोनाचा कॅमेरा मात्र बंदच.

"मॅडम, मी आवाजावर हजेरी देतो की. चेहरा नको."

"नियम सगळ्यांना सारखा, मोना."

"मी माझ्या मनानं लगीन केलंय, मॅडम. भाऊ जिवावर उठलाय माझ्या. मी कुठं हाय, कुणाला ठावं न्हाय."

संयोगिताला वाटलं, हिला सूट द्यावी. पण ते मुंडकं डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

"इथं बाहेरचं कुणी नाही. मी आहे ना."

कॅमेरा सुरू झाला. खाली मान घालून मोनानं गडमुडशिंगीतली गल्ली आणि घरमालकाचं नाव हळूच सांगितलं.

तिसऱ्या दिवशी उन्मेष रजेवर होता, पण तासात कुणी घुसलं नाही. शिकवताना संयोगिताचा आवाज बऱ्याच दिवसांनी मोकळा लागला.

तेवढ्यात मोनाच्या चौकटीत दार फुटलं.

तोंडाला रुमाल बांधलेला माणूस कोयता घेऊन आत शिरला. मोनानं स्टूल फेकलं. कोयता तिच्या दंडात बसला. भिंतीवर रक्त उडालं. तिनं शेगडीवरचं उकळतं दूध त्याच्या अंगावर भिरकावलं. तो गुरासारखा ओरडला, पण मागं हटला नाही. मोना पलंगाला टेकून खाली घसरली.

"धावा! कुणीतरी धावा!" मुली आपापल्या चौकटीतून ओरडत होत्या.

संयोगितानं टेबलावरच्या फोनवरून पोलिसांना गाठलं. "गडमुडशिंगीत खून होतोय हो! लवकर जा!"

"गाव मोठं हाय, बाई. गल्ली कुठली? घर कुणाचं?"

गल्ली आठवेना. घरमालकाचं नाव आठवेना. पत्ते सगळे उन्मेषकडं होते. तो फोन खांद्याशी तसाच धरून तिनं मोबाइलवरून उन्मेषला फोन लावला.

"उचल रे बाबा, उचल."

मोनाच्या चौकटीत, कोयता उगारलेल्या माणसाच्या खिशात, फोन वाजू लागला.