वेल्सची आजी

"ही आमची मेरी नव्हेच," ग्लेन म्हणाले आणि त्यांनी कागद टेबलावर उलटा ठेवला.

प्रतीक्षा अंगणात त्यांच्यापासून दीड मीटर सोडून मांडलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती, तोंडावर मास्क लावून. वेस्टमीडच्या लॅबमध्ये रोज शेकड्यांनी स्वॅब तपासणारी सून आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचे सासरे. क्वेकर्स हिलच्या एकाच आवारात दोघांनी आठ आठवडे असेच काढले होते. ती घरात, ते मागच्या छोट्या स्वतंत्र घरात, ग्रॅनी फ्लॅटमध्ये, आणि गप्पा मारायला मधली ही खुर्ची. बोलणं अर्थात इंग्रजीत. त्यातला 'बाबा' तेवढा मराठी, कारण सासऱ्याला नुसत्या नावाने हाक मारणं तिला बारा वर्षांत जमलं नव्हतं.

लॉकडाऊनने ग्लेनना पूर्वजांचं वेड लावलं होतं. कॉम्प्युटरशी त्यांचं वाकडं, म्हणून शोधायचं काम सुनेच्या गळ्यात. वडिलांकडचे इंग्लिश पूर्वज शहाण्या मुलांसारखे सापडले. या देशात आले त्या जहाजाचं नाव, साल, बरोबर आणलेली सुतारकामाची पेटीसुद्धा. आईचे वडील वेल्सचे, डेव्हिड इव्हान्स, खाणीतले कामगार. तेही सापडले. अडली ती त्यांची बायको, आजी मेरी. ती लहानपणी वेल्सहून आईवडिलांबरोबर आली, असं घरात सगळे सांगत आलेले. पण प्रवाशांच्या एकाही यादीत तिचं नाव नव्हतं. या सगळ्याचं घरच्यांसाठी केलेलं पुस्तक उद्या छापायला जायचं होतं आणि मुखपृष्ठावर ग्लेननी ठसठशीत अक्षरांत घालायला लावलं होतं, 'इंग्लंड आणि वेल्सची लेकरं'.

आज दुपारी मेरीच्या लग्नाचा दाखला ईमेलने आला. तो न दाखवता डिलीट करावा, असं प्रतीक्षाला क्षणभर वाटलं होतं. म्हातारा माणूस खूश आहे, असू दे खूश. मग तिने प्रिंट काढली.

"दुसऱ्याच कुणाचा पाठवलाय," ग्लेन म्हणाले. "ऑफिसवाले सगळे घरी बसून काम करतायत, घोळ होणारच. तुमच्या लॅबमध्ये स्वॅबची अदलाबदल होत नाही?"

"तीन खुणा जुळल्याशिवाय आम्ही रिपोर्ट सोडत नाही, बाबा. इथेही जुळल्या. नवऱ्याचं नाव, लग्नाची तारीख, आणि साक्षीदार म्हणून तुमच्या आजोबांच्या भावाची सही."

ग्लेननी कागद सुलटा केला आणि चष्मा नाकावर सरकवून पुन्हा वाचला. जन्मस्थळ, इथून चारशे किलोमीटरवरची नदीकाठची, इथल्या मूळ रहिवाशांची म्हणजे आदिवासींची सरकारी वसाहत. आई, केटी, आदिवासी. वडिलांचा रकाना कोरा.

"ती सावळी होती, मान्य," ते म्हणाले. "वेल्समध्ये असतात तशी माणसं. आईने शंभरदा सांगितलंय मला."

"खरं असतं तर शंभरदा कशाला सांगितलं असतं?" प्रतीक्षाच्या तोंडून निघून गेलं.

दाखला वाचता वाचता ती मध्येच थांबली होती, ते मेरीमुळे नव्हे. ते खोटं तिने पाहताक्षणी ओळखलं, म्हणून. पुण्यात पेठेत खोली मिळावी यासाठी तिचे वडील प्रल्हाद कांबळे घरमालकासमोर पाटील झाले होते. बुद्धाची मूर्ती कपाटात, कपड्यांच्या मागे. सात वर्षांची प्रतीक्षा खाली खेळायला निघाली की आई दारात थांबवून विचारायची, आडनाव काय आपलं? ती न अडखळता खोटं सांगायची आणि मगच तिला सोडलं जायचं. हे तिने ओवेनलाही, सख्ख्या नवऱ्यालाही, कधी सांगितलं नव्हतं. आत्ताही सांगितलं नाही आणि त्याची तिला लाज वाटली.

"माझ्या आईला खोटं बोलायची काय गरज?" ग्लेनचा आवाज चढला. "दर रविवारी चर्चला जाणारी बाई ती."

"सरकारची माणसं आदिवासींच्या घरातून मुलं उचलून न्यायची, बाबा. रंगाने उजळ असली तर आधी. आईच्या हातातून घ्यायची आणि संस्थेत टाकायची. तुम्ही लहान होतात तेव्हाही चालू होतं हे."

"माहितीये मला. पण ते त्यांच्यात," ग्लेन म्हणाले. "आमच्यात नाही."

म्हणाले आणि थांबले. घरांवरून पोलिसांचं हेलिकॉप्टर चकरा मारत होतं, लोक घरात आहेत ना ते बघत. ते लांब गेलं. ग्लेननी चष्मा काढून कागदावर ठेवला.

"आमच्या फाटकाशी अनोळखी मोटार थांबली," ते हळू आवाजात म्हणाले, "की आई मला आणि धाकट्याला मागच्या दाराने ओढ्याकडे पिटाळायची. हाक मारेपर्यंत यायचं नाही. एकदा तर अंधार पडेपर्यंत झाडीत बसलो होतो. धाकटा रडायला लागला, तर मी त्याचं तोंड दाबून धरलं."

"कोण यायचं मोटारीतून?"

"विम्याचा माणूस. आई म्हणायची, विमेवाला आलाय, त्याला पोरांचा गोंगाट खपत नाही."

ग्लेन तिच्याकडे बघत राहिले. आपण आत्ता काय बोललो, ते तिनेच आपल्याला समजावून सांगावं, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"प्रतीक्षा," ते म्हणाले, "आमच्या घरात कुणाचाच विमा नव्हता."