टोबीची वही

इंग्लंडमधल्या रीडिंग गावातल्या घरामागच्या शेडमध्ये नवरा रायफलच्या रिकाम्या काडतुसांत स्फोटक पावडर भरायला बसलेला पाहून सुमेधाचं डोकंच फिरलं. पावडरच्या मापांचं छापील पुस्तक फळीवर धूळ खात होतं आणि टेबलावर उघडी होती नेमबाजी क्लबमधल्या टोबीची वही, तो वारल्यावर त्याच्या बायकोकडून मागून आणलेली. "टोबी तीस वर्षं याच मापानं भरायचा," अरविंद म्हणाला. "त्याच्या रायफलसाठी!" फार्मसिस्ट सुमेधा कडाडली. "तुझी रायफल वेगळी, गोळी वेगळी. शेजाऱ्याचं प्रिस्क्रिप्शन बघून कुणी आपला डोस ठरवतं का? नळी फुटली तर डोळे जातील! पुस्तकातल्या सर्वांत कमी मापापासून सुरुवात करा, असं तूच नवख्यांना बजावतोस ना?" "ते नवख्यांना." तिनं कपाळाला हात लावला आणि वही हिसकावली. शेवटच्या पानावर टोबीनं बायकोसाठी लिहिलं होतं: 'माझ्यामागे अरविंद वही मागायला येईल. त्याला चहा दे, वही देऊ नकोस.'